एकच लाल बिल्ला, वेगवेगळ्या संघटना: आंदोलन उभं कसं राहतं आणि फुटतं कुठे

जानेवारी २०२१. दिल्लीच्या सीमांवर शेतकरी कडाक्याच्या थंडीत ठाण मांडून बसले होते. सर्वोच्च न्यायालयाने तीन कृषी कायद्यांवर अहवाल द्यायला चार जणांची समिती नेमली. त्यात महाराष्ट्रातलं एक नाव होतं, शेतकरी संघटनेचे अनिल घनवट. शेती बाजार खुला करण्याच्या दिशेला त्यांच्या संघटनेचा पाठिंबा होता. त्याच काळात राजू शेट्टींची स्वाभिमानी शेतकरी संघटना हेच कायदे रद्द करा म्हणून रस्त्यावर उतरली होती. दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांच्या छातीवर लाल बिल्ला, आणि दोन्ही संघटनांचं मूळ शेतकरी नेते शरद जोशींच्या चळवळीत.

हे असं का होतं, याचं आपल्याकडे एक तयार उत्तर असतं. ‘नेत्यांचे इगो’, किंवा त्याहून सोपं, ‘विकले गेले’. चहाच्या टपरीवर हे उत्तर चालून जातं, पण त्यातून फारसं काही कळत नाही. इगो सगळ्याच नेत्यांना असतो. काही आंदोलनं तरीही टिकतात आणि काही फुटतात, ती का, हे बघायचं तर सुरुवातीला जावं लागतं. माझं म्हणणं असं की फुटीची जागा बहुतेक वेळा आंदोलन जन्माला येतानाच ठरलेली असते. ज्या सोप्या मागणीमुळे गर्दी जमते, त्याच मागणीत ती फूट दडलेली असते. शेतकरी संघटनेचा इतिहास हे फार स्वच्छ दाखवतो, म्हणून तोच घेऊ.

अन्याय झाला की आंदोलन होतं, असा एक समज आहे. तसं असतं तर आपल्या देशात रोज सकाळी क्रांती झाली असती. अन्याय सगळीकडे आणि सदासर्वकाळ असतो, आंदोलन मात्र क्वचितच होतं. बहुतेक लोक हाल सोसतात, कारण त्या हालांचं कारण त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं: नशीब, पाऊस, आपलीच चूक. हे कारण बदललं की हालचाल सुरू होते.

शरद जोशींनी नेमकं हेच बदललं. ते टपाल खात्यातले अधिकारी. पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, आंतरराष्ट्रीय टपाल संघाच्या कार्यालयात नोकरी. ती सोडून १९७६ मध्ये ते परत आले आणि पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. शेती केली ती हिशोबाची वही जवळ ठेवून. बियाणं, मजुरी, खत, वाहतूक, हमाली, तोलाई हे सगळं वजा केल्यावर उरतं काय, तर तोटा. आता शेतकरी गरीब का, यावर त्या काळच्या शहरी माणसाकडे उत्तरं भरपूर होती. तो अडाणी आहे, आळशी आहे, लग्नात खर्च करतो, दारू पितो. जोशींनी वही पुढे करून सांगितलं की उत्तम शेती करणाराही तोट्यातच जातो, कारण शेतीमालाचे भाव पडलेले राहावेत अशीच व्यवस्था आहे. निर्यातबंदी आहे, लेव्ही म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावाने सक्तीची वसुली आहे, जिल्ह्याबाहेर माल न्यायला बंदी आहे. संघटनेची पुढची घोषणाच होती, ‘शेतकऱ्याचे मरण हेच सरकारचे धोरण’. ज्याला आतापर्यंत नशीब म्हणत होते, त्याला एक पत्ता मिळाला. नशिबाविरुद्ध मोर्चा काढता येत नाही, धोरणाविरुद्ध येतो.

९ ऑगस्ट १९७९ ला चाकणला शेतकरी संघटना सुरू झाली. पत्ता मिळाला, पण तेवढ्यानेही भागत नाही. वेळ साधावी लागते. जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याची महागाई हा प्रचाराचा मोठा मुद्दा झाला होता आणि इंदिरा गांधी सत्तेत परतल्या होत्या. म्हणजे कांद्याचा भाव ही दिल्लीला झोंबणारी गोष्ट आहे, हे सगळ्या देशाला माहीत झालं होतं. थोड्याच दिवसांत चाकणला कांद्याचे भाव कोसळले. जागाही जुळून आली. चाकणची बाजारपेठ पुणे–नाशिक रस्त्यावर आहे. शेतात बसून उपोषण केलं असतं तर बातमीही झाली नसती. रस्ता अडला की पुण्याहून नाशिकला जाणारा प्रत्येक माणूस त्या बातमीचा भाग होतो.

इथे एक मोठी अडचण येते आणि अभ्यासकांनी तिच्यावर ढिगाने लिहिलंय. मन्सर ओल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये ती नीट मांडली. समजा कांद्याला भाव मिळेपर्यंत माल बाजारात आणायचा नाही असं ठरलं. तुम्ही माल अडवला, शेजाऱ्याने गुपचूप नेला. आंदोलन जिंकलं तर वाढीव भाव शेजाऱ्यालाही मिळणार. हरलं तर तुमचाच कांदा सडणार. मग शहाणा माणूस काय करेल? घरी बसेल. सगळेच शहाणे निघाले तर आंदोलनच होत नाही. म्हणून फायद्याच्या हिशोबावर माणसं बाहेर पडत नाहीत. ती बाहेर पडतात कारण गावातले चारजण पडलेत, कारण न गेलो तर पारावर तोंड दाखवायला जागा नाही, आणि कारण एकदा हजार माणसांत बसल्यावर जे वाटतं ते पुन्हा वाटावंसं वाटतं. बिल्ल्याचं कामही तेच. तो छातीवर लावला की आपण कुणाच्या बाजूचे हे सगळ्या बाजाराला दिसतं आणि मग माघार घेणं जड जातं.

पिकाचा स्वभावही आंदोलन घडवतो, याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने ठेवता येतो. म्हणजे उन्हाळ कांदेवाल्याला थांबण्याची थोडी ताकद असते, लाल कांदेवाल्याला अजिबात नाही. बाजार समितीत लिलाव बघितला असेल तर आठवा. ट्रॅक्टरची रांग, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो, कुणीतरी ट्रॉलीत हात घालून चार कांदे उचलतो, हातात फिरवून बघतो, आकडे पुकारले जातात आणि मिनिटभरात घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. शेतकऱ्याची चार महिन्यांची मेहनत त्या मिनिटभरात निकाली निघते. पुढे व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरवताना ‘खाली वेगळाच निघाला’ म्हणून भाव पुन्हा कापला जातो तो वेगळाच. एकट्याने तिथे काहीही बोलता येत नाही. ऊसवाल्याचं गणित निराळं. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि साखर दोन्ही घटतं, त्यामुळे तोही अडलेला असतो; पण कारखान्याची धुराडी पेटल्यावर त्यालाही रोज ऊस लागतो. तिथे अडवायला एक ठरलेलं फाटक असतं आणि समोर एक ठरलेला चेअरमन असतो.

नोव्हेंबर १९८० मध्ये आंदोलन नाशिक जिल्ह्यात गेलं आणि एकदम मोठं झालं. उसाला टनामागे ३०० रुपये, कांद्याला रास्त भाव. तिथे माधवराव मोरे, प्रल्हाद पाटील कराड यांच्यासारखी माणसं पुढे होती. हे काही उपाशी शेतकरी नव्हते, बागायती पट्ट्यातले वजनदार लोक होते. खूप जणांना हे पचत नाही, पण जगभर हाच अनुभव आहे. आंदोलनाची सुरुवात सहसा सगळ्यात गरीब माणूस करत नाही. ज्याला आठ दिवस बुडवणं परवडतं, ज्याच्या घरात माणसांची ऊठबस आहे, ज्याला दहा गावांत निरोप धाडता येतो, तो करतो. रेल्वे आणि रस्ते अडले, खेरवाडीला गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. मार्च–एप्रिल १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी पुणे–बंगळूर महामार्गावर तीन आठवड्यांहून जास्त ठिय्या दिला. त्याचाही शेवट गोळीबाराने झाला.

या सगळ्या काळात मागणी एकच होती, शेतीमालाला उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव. ‘भीक नको, घेऊ घामाचे दाम’. एक कलमी कार्यक्रम. जात, धर्म, जमिनीचं वाटप, मजुरांचे प्रश्न यांत शिरायचं नाही. डाव्या पक्षांनी तेव्हाच टीका केली होती की भाव वाढल्याचा फायदा ज्याच्याकडे विकायला माल आहे त्याला, अडीच एकरवाल्याला आणि शेतमजुराला काय? संघटनेचं उत्तर होतं की खर्चात मजुराची पुरेशी मजुरी धरूनच भाव मागतोय. उत्तर चुकीचं नव्हतं. पण भाव मिळाल्यावर ती मजुरी मजुराच्या हातात पडेल याची व्यवस्था त्यात कुठेच नव्हती.

तरीही एवढी सोपी मागणी होती म्हणूनच विदर्भाचा कापूसवाला, निपाणीचा तंबाखूवाला, निफाडचा ऊसवाला एका मांडवाखाली येऊ शकला. इथेच मेख आहे. या तिघांचं सरकारशी नातं एकसारखं नव्हतं.

महाराष्ट्रात १९७० च्या दशकापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. राज्यातला कापूस फक्त सरकारने घ्यायचा. शेजारच्या राज्यात जास्त भाव असला तरी सीमेपलीकडे नेला तर गुन्हा. म्हणजे कापूसवाल्याच्या दृष्टीने सरकार हाच एकमेव गिऱ्हाईक आणि तोच लुटारू. ‘सरकारने बाजूला व्हावं’ हे त्याला लगेच पटतं. ऊसवाल्याला मात्र सरकार हवंच असतं. साखर कारखाना हा त्याच्या परिसरातला बलाढ्य राजकारणी. त्याच्याकडून कायद्याने ठरलेला भाव वेळेत वसूल करून द्यायला वर कुणीतरी पाहिजे. रास्त भाव दोघांनाही हवा होता. एकाच्या मते तो सरकार हटल्यावर मिळणार होता, दुसऱ्याच्या मते सरकारने दंडुका उगारल्यावर. रस्त्यावर शेजारी शेजारी बसलेले असताना हा फरक कुणी उच्चारत नव्हतं, उच्चारायची गरजही नव्हती. समोर पोलीस असताना कोण धोरणावर वाद घालतं?

मधल्या काळात चळवळ वाढत गेली आणि रूपही बदलत गेली. सर्वांत महत्त्वाचा बदल नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला झाला. शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन. त्यातून महिला आघाडी उभी राहिली आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम आला: नवऱ्याने स्वखुशीने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करायचा. भावाच्या एक कलमी आंदोलनात हे बसत नव्हतं. पण एकदा बायका रस्त्यावर उतरल्या की त्या घरचा हिशोबही मागणारच. आंदोलन आपल्या माणसांना जे शिकवतं ते नेहमी नेत्याच्या यादीतलंच असतं असं नाही. हत्यारांचंही तसंच. पुढाऱ्यांना ‘गावबंदी’ हा प्रकार संघटनेने ऐंशीच्या दशकात वापरला. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यातल्या वेशीवेशीवर तोच फलक लागला. मागणी वेगळी, माणसं वेगळी, युक्ती तीच.

आता फूट. पहिली मोठी फूट प्रदेशाची. २ ऑक्टोबर १९८९ ला दिल्लीच्या बोट क्लबवर देशभरातल्या शेतकरी संघटनांचा एकत्र मेळावा ठरला. शरद जोशी आणि उत्तर प्रदेशचे महेंद्रसिंह टिकैत. व्यासपीठावरच गोंधळ आणि धक्काबुक्की झाली, एकजूट तिथेच संपली. वर्तमानपत्रांनी दोन नेत्यांचं भांडण म्हणून छापलं. पण दोघांचं बळ दोन वेगळ्या ठिकाणांहून आलं होतं. टिकैतांची ताकद खाप पंचायतींची, म्हणजे कुळांच्या पंचायतींची, नात्यागोत्याची, चौधरीच्या शब्दाची. जोशींची ताकद अर्थशास्त्राच्या मांडणीची आणि शिबिरांत तयार झालेल्या कार्यकर्त्यांची. एकाचा शब्द दुसऱ्याच्या माणसांवर चालणारच नव्हता. अहंकाराची काडी पडली हे खरं. लाकडं आधीच रचलेली होती.

दुसरी फूट विचारांची, आणि मला तीच जास्त बोलकी वाटते. १९९१ मध्ये आर्थिक धोरण बदललं, पाठोपाठ जागतिक व्यापारासाठीचा डंकेल प्रस्ताव आला. आता गप्प बसणं शक्य नव्हतं. कर्नाटकात नंजुंडस्वामींच्या रयत संघाने प्रस्तावाला कडाडून विरोध केला, बहुराष्ट्रीय बियाणे कंपन्या हा शत्रू ठरवला. शरद जोशींनी स्वागत केलं. त्यांचा युक्तिवाद साधा होता: भारतातल्या शेतकऱ्याला अनुदान नव्हे, उणे अनुदान मिळतं, जागतिक भाव मिळू दिला असता तर त्याला जास्त पैसे मिळाले असते, तेव्हा दारं उघडा. त्यांच्याच चळवळीतले वर्ध्याचे विजय जावंधिया यांना हे मान्य नव्हतं. श्रीमंत देश आपल्या शेतीवर अमाप पैसा ओततात, अशा बाजारात कोरडवाहू कापूसवाला सरकारी आधाराशिवाय कसा टिकेल, हा त्यांचा सवाल. माझ्या मते दोघंही जुन्या घोषणेशी प्रामाणिक होते. मघाशी मी कापूसवाला आणि ऊसवाला अशी विभागणी केली, तिला जावंधियांचं उदाहरण छेद देतं हेही नोंदवायला हवं. पीक माणसाला एका बाजूला ढकलतं, पण बांधून ठेवत नाही.

तिसरा प्रश्न सत्तेचा. सुरुवातीला जोशी राजकारणाच्या विरोधात इतकं टोकाचं बोलत की मतं मागायला आलो तर जोड्याने मारा, असं ते सभांत म्हणत. पण रस्ता किती वेळा अडवणार? गोळ्या किती वेळा खाणार? १९९० मध्ये संघटनेचे काही कार्यकर्ते जनता दलाच्या चिन्हावर विधानसभेत गेले. जोशी स्वतः व्ही. पी. सिंह सरकारच्या कृषी सल्लागार समितीचे अध्यक्ष झाले. त्याच सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतचं कृषी कर्ज माफ केलं. १९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. मतदारांनी त्याला फारसं जवळ केलं नाही. रास्ता रोकोला येणारा माणूस मतदानाच्या दिवशी जात, गाव, सोसायटीचं कर्ज, कारखान्यातली भाच्याची नोकरी असं सगळं सोबत घेऊन जातो. आंदोलनात त्याला एकच ओळख पुरते, मतपेटीपाशी पुरत नाही.

२००४ मध्ये जोशी भाजप–शिवसेनेच्या साथीने राज्यसभेत गेले. त्याच सुमाराला शिरोळचे राजू शेट्टी बाहेर पडले आणि स्वाभिमानी शेतकरी संघटना उभी राहिली. कारण काय सांगितलं, तर संघटना जातीयवादी पक्षांच्या दावणीला बांधली जातेय. शेट्टींचा भर उसावर. जयसिंगपूरची ऊस परिषद, पहिली उचल म्हणजे उसाच्या पैशाचा पहिला हप्ता किती, काटा कुठे मारला जातो, एफआरपी म्हणजे कायद्याने ठरलेला किमान दर चौदा दिवसांत मिळाला की नाही. मागणी नेमकी, समोरचा माणूस ठरलेला, हंगाम ठरलेला. त्यामुळे दरवर्षी लढता आलं, बऱ्याचदा जिंकताही आलं, आणि शेट्टी २००९ आणि २०१४ मध्ये हातकणंगल्यातून खासदार झाले. पण भूगोल आक्रसला. सोयाबीनवाल्याला ऊस परिषदेत काय मिळणार?

गंमत पुढे आहे. २०१४ मध्ये शेट्टी स्वतःच भाजपच्या महायुतीत होते. २०१६ मध्ये त्यांचे जुने साथी सदाभाऊ खोत राज्यमंत्री झाले. वर्षभरात दोघांचं बिनसलं, शेट्टी सरकारच्या विरोधात गेले, खोत मंत्रिपदावर राहिले, संघटनेने त्यांना काढून टाकलं, आणि त्यांनी रयत क्रांती संघटना काढली. तेरा वर्षांपूर्वी शेट्टींनी जो आरोप जोशींवर केला होता, जवळपास तसलाच आता त्यांच्या बाजूने खोतांवर झाला. माणसं वाईट होती म्हणून असं घडलं, असं मला वाटत नाही. आंदोलनाला फळ दाखवायचं तर कुणीतरी आत जाऊन बसावं लागतं. आत बसलेल्याला ‘थोडं तरी मिळवलं’ असं वाटतं आणि बाहेरच्याला ‘थोडक्यात भागवलं’ असं.

फूट पाडण्याचं काम सरकारही करतं, आणि त्यासाठी दरवेळी पैसा लागतो असं नाही. वाटाघाटीला कुणाला बोलवायचं, एवढं ठरवलं तरी पुरतं. जून २०१७ चा शेतकरी संप नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून उठला. दूध, भाजी शहरात जाऊ द्यायची नाही. कुठल्या एका संघटनेचा हा संप नव्हता, हीच त्याची ताकद. मग दोनच दिवसांत मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावर रात्री बैठक झाली, काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं, किसान सभेचे अजित नवले बैठकीतून बाहेर पडले, आणि सकाळी गावोगावी प्रश्न एकच: यांना अधिकार दिला कुणी? उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण तो कधी ठरलाच नव्हता. संप तरीही चालू राहिला, सुकाणू समिती बनली, आणि त्याच महिन्यात सुमारे ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली.

दिल्लीच्या आंदोलकांनी हा धडा गिरवलेला दिसतो. २०२०–२१ मध्ये चाळीसच्या आसपास संघटना संयुक्त किसान मोर्चात होत्या, आणि सरकारशी बोलायला एक-दोघं न जाता मोठा जथ्थाच्या जथ्था जात असे. व्यासपीठावर पक्षांना जागा नव्हती. ‘तिन्ही कायदे मागे’ एवढं एकच वाक्य. १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी कायदे मागे घेण्याची घोषणा केली. काही आठवड्यांतच पंजाबातल्या बऱ्याच संघटनांनी निवडणूक लढवायचं ठरवलं, शेतकरी नेते बलबीरसिंग राजेवाल पुढे झाले, मोर्चाने त्यांच्यापासून अंतर राखलं, आणि फेब्रुवारी २०२२ च्या निवडणुकीत त्यांना एकही जागा मिळाली नाही. वर्षभर ऊन, थंडी, पाऊस सोसून जी एकी टिकली ती जिंकल्यावर काही आठवडेच टिकली. संयुक्त महाराष्ट्र समितीचंही १ मे १९६० नंतर तेच झालं होतं: राज्य मिळालं, आणि कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप आपापल्या वाटेने गेले.

मग फूट म्हणजे हार का? मला वाटतं, आपण इथे जरा घाई करतो. संयुक्त महाराष्ट्र समिती विखुरली म्हणून राज्य परत गेलं नाही. शेतकरी संघटनेचे तुकडे झाले, पण कापसाची एकाधिकार खरेदी गुंडाळली गेली, उसाचा दर हा दरवर्षी जाहीरपणे भांडायचा विषय झाला, आणि उत्पादन खर्च हा शब्द आज विधानसभेत सगळेच पक्ष वापरतात. नुकसान होतं ते वेगळ्या ठिकाणी. ज्या प्रश्नाला धरून कुठलाच तुकडा उभा राहत नाही, तो प्रश्न मागे पडतो. ऊसवाल्यांना संघटना मिळाली, खुल्या बाजारवाल्यांना मिळाली. शेतमजुराच्या मजुरीचं कलम, जे १९८० मध्ये उत्पादन खर्चाच्या हिशोबात एक ओळ म्हणून तरी होतं, ते घेऊन मात्र यांतल्या कुणीच वेगळी चूल मांडली नाही.